उजवीकडचा दिवा

“बघ, दिवा परत उजवीकडे,” सासूबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या. “उजव्या हातानं कोरणाऱ्यानं दिवा डावीकडे ठेवावा, हे यांनीच मला नवी नवरी असताना शिकवलं. आता स्वतःच्याच हाताची सावली कामावर पाडून घेतात, आणि वर म्हणतात, लाकूड काळं निघालं.”

सून शाई मळत होती. ग्रंथपालबाई छाप बघायला यायच्या होत्या.

कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीशी हातानं दाबायचं छपाईयंत्र, खिडकीशी कोरायचं टेबल. छपाईची कला नवी होती तेव्हाची पुस्तकं इथं दुरुस्तीला येत. त्यांतली चित्रं लाकडावर कोरून छापलेली. एखादं पान वाळवीनं खाल्लेलं असे, एखादं कुणा हौशी माणसानं फाडून नेलेलं. मग सासरे त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या प्रतीचा फोटो मागवून, रेघेला रेघ जुळवून नवा ठसा कोरत. असा हात दुसरा नाही, असं लोक म्हणत. सासरे नाही म्हणत नसत.

या खेपेचं पान हत्तीचं होतं. मूळ चित्रकारानं हत्तीबद्दल नुसतं ऐकलं असावं. पायांना गुडघे नाहीत, सोंड कर्ण्यासारखी, शेपूट घोड्याची. “मेल्यानं म्हशीला विचारून काढलाय,” असं सासूबाईंचं मत पडलं. सासऱ्यांनी मात्र बजावलं होतं की गुडघे घालायचे नाहीत. जुन्यांची चूक जुन्यांपाशी राहू द्यायची. आपण आपली नवी भर घालायची नाही.

आणि नवी भर तर रोज पडत होती. सासऱ्यांचा हात थरथरू लागला होता. बशी वाजू लागली की त्यांचा मुलगा रेडिओ मोठा करी. सासूबाई कप अर्धाच भरत. कोरणी रेघेवरून घसरे आणि सासरे लाकडाला शिव्या देत. सगळं सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कुणी कुणाला सांगत नव्हतं. ग्रंथालयाच्या कानावर गेलं असतं तर पुस्तक दुसऱ्या कारखान्यात गेलं असतं, आणि पुस्तकामागोमाग म्हाताऱ्याचा जीव.

सून या घरात आली तेव्हा तिला कोरणी धरायची कशी तेही माहीत नव्हतं. सासऱ्यांच्या हत्यारांना धार लावता लावता ती शिकली. फुटक्या ठोकळ्यांवर पानं, फुलं, कोंबडे कोरून तिनं हात बसवला. त्यातून ती डावखुरी. सासूबाईंनी पहिली काही वर्षं तिला टोकण्यात घालवली आणि मग नाद सोडला.

आता दुपारी सासऱ्यांचा डोळा लागला की ती दुसरा ठोकळा काढून तोच हत्ती कोरायला त्यांच्याच जागेवर बसे. सासूबाई आतल्या दाराशी मटार सोलत पहारा देत. मटार नसले तर नुसत्याच बसत. ते उठायच्या आत हत्ती फडक्यात गुंडाळून खणात जाई. सासरे हल्ली हत्यारं आवरायला विसरत. नेमकी लागेल ती कोरणी टेबलावर पडलेली असे. तेही वयाचंच, असं सगळ्यांनी धरून चाललं.

बाई आल्या. मुलानं फडक्यातला ठसा यंत्रात बसवला. सासरे तेव्हा पाठ फिरवून चष्मा पुसत होते. फार वेळ पुसत होते. सुनेनं शाई लावली, मुलानं दांडा ओढला, कागद उचलला. बिनगुडघ्यांचा हत्ती ऐटीत उभा होता.

बाईंनी भिंग घेतलं. फोटो बघितला, छाप बघितली, पुन्हा फोटो.

“हात अजून तसाच आहे हो तुमचा,” त्या शेवटी म्हणाल्या.

सासरे हो म्हणाले नाहीत. सासूबाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी शाईच्या वासाला दोष दिला.

“आता तेवढी खूण करा,” बाई म्हणाल्या.

मुलाचा हात यंत्राच्या दांड्यावरच राहिला. चोरून काम करण्याच्या नादात तिघंही खूण साफ विसरले होते. नवं पान पुढं कुणाला जुनं वाटू नये म्हणून कोरणाऱ्यानं कोपऱ्यात आपली खूण ठेवायची, हा सासऱ्यांच्या वडिलांपासूनचा नेम. तीही छाप पसंत पडल्यावर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. सासऱ्यांची खूण म्हणजे मुगाच्या दाण्याएवढा मासा.

सासूबाईंनी चहाचं काढलं. मुलगा म्हणाला, ठसा ओला आहे, उद्या केली तर? सासऱ्यांनी दोघांकडे लक्ष दिलं नाही. ठसा पुसून टेबलावर ठेवला, सगळ्यांत बारीक कोरणी उचलली. तिच्या टोकाचा कवडसा भिंतीवर नाचू लागला. बाईंनी तो पाहिला. सुनेनं डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा सासरे उठून उभे होते. त्यांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि कोरणीची मूठ तिच्यापुढं धरली. मान ताठ होती. स्वतःच्या कामाची तारीफ ऐकतानाही ती कधी इतकी ताठ नसे.

“खूण ज्याची त्यानं करायची,” ते बाईंना म्हणाले. आवाज जराही थरथरला नाही. “माझा हात गेला, बाई. हत्ती हिचा आहे.”

मग सुनेकडे वळले.

“बस, सूनबाई. दिवा कधीचा तुझ्या हाताच्या सोयीनं ठेवलाय.”