आडोसा

"मावशी दिवसभर पाणी प्यायल्या नव्हत्या का?" डॉक्टरांनी विचारलं.

चांगदेवला आधी प्रश्नच कळला नाही. समोरच्या खाटेवर त्याची बायको साळुबाई निपचित पडली होती. तोंडावरून चादर ओढलेली होती. ऊन लागलं, अंगातलं पाणी संपलं होतं, असं डॉक्टर सांगत होते.

"पाण्याला काय कमी, सायेब?" तो म्हणाला. "रोज भरलेला जार मीच वावरात नेऊन ठेवतो. सांजच्याला रिकामा घरी येतो."

निरगुडसरच्या शिवारात कांदा काढणी चालली होती. एप्रिल संपत आला होता. सकाळी दहालाच ढेकळं चटका द्यायची. वळवाचे ढग दोनदा आले नि तसेच निघून गेले. साळुबाई सहा बायांना घेऊन पात कापायला बसायची. चांगदेव घरी वखारीत कांदा भरायचा. त्या दिवशी दुपारी ती बसल्या जागी कलंडली, ती पुन्हा उठली नाही.

तेरावं झालं. डॉक्टरांचा प्रश्न काही त्याच्या डोक्यातून जाईना. शेवटी तो भागूकडे गेला. ती साळुबाईच्या शेजारच्याच वाफ्यात बसायची.

"भागू, खरं सांग. ती पाणी पीत न्हवती?"



"कुणीच पीत न्हवतं, भाऊ. नुसता घसा ओला करायचो. पाणी प्यायलं की उठावं लागतं. सगळं रान उघडं. जायचं कुठं? उरलेलं पाणी साळू सांजच्याला बांधावर ओतून द्यायची."

चांगदेवला तो बांध आठवला. बांधावर आधी घाणेरीची दाट जाळी होती. बाया तिच्याच आड जायच्या. माघात त्या जाळीत साळुबाईला बिबट्या दिसला. ती धापा टाकत घरी आली होती. दुसऱ्याच दिवशी त्यानं जेसीबी बोलावून सगळा बांध साफ करून घेतला होता.

 भागूला भेटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मोकळ्या बांधावर चार बांबू रोवले. भोवती शेडनेटचं हिरवं कापड घट्ट गुंडाळलं. एका बाजूला पडदा सोडला. बाया कामावर आल्या आणि बघतच राहिल्या.

"ह्ये आधी का न्हाई सांगितलं मला?" त्यानं भागूला विचारलं. "चार बांबूंचं तर काम व्हतं."

भागूनं पदरानं डोळे पुसले.

"मी लई डाव म्हणले तिला, भाऊंना सांग म्हून. ती म्हणायची, माझ्या जिवापायी बांध साफ केलाय त्यांनी. आता त्या मोकळ्या बांधाचाच तरास व्हतोय, असं कोणत्या तोंडानं सांगू?"