मोकळा आवाज

नवे हेडफोन परीक्षणाला आले की तो ते आधी बायकोच्या कानांवर चढवायचा. तिने जन्मभर गाणं शिकवलेलं. तिने दिलेला कौल तो जसाच्या तसा लिहून पाठवायचा. हल्ली तो बोलू लागला की ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायची. "म्हातारपणी प्रेम फारच उतू चाललंय बाईसाहेबांचं," असं तो चिडवायचा.

आज दोन भारीतले, मागून जाळीचे ओपन-बॅक हेडफोन आले होते आणि गाणं तिच्याच आवडीचं होतं. पहिला लावून तिने डोळे मिटले, मान डोलावली. "भरदार आहे, पण गळा जरा दाबल्यासारखा वाटतो."

दुसरा लावताच तिचा चेहरा खुलला. "अहो, हा कसा मोकळा गातोय! गाणारीचा श्वाससुद्धा ऐकू येतो."

"तुझ्या कानांना तोड नाही बघ," म्हणत त्याने तो तिच्या कानांवरून अलगद काढला आणि कौतुकाने स्वतः लावला.



आत चिडीचूप होतं. गडबडीत या हेडफोनची वायर जोडायचीच राहून गेली होती.