चार वाजताचा उपचार

दुरुस्त करून आणलेला मिक्सर ओट्यावर ठेवताना तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं. पाच वाजून वीस मिनिटं. शिवणवाल्या काकूंना तिने चारची वेळ दिली होती.

“मेले! आई, मी काकूंना विसरले.”

सासूबाई मटार सोलत होत्या. “कुठे विसरलीस? दुकानात?”

“तसं नाही हो. चार वाजता त्यांना इथूनच, मनाने उपचार पाठवायचा होता. त्या हॉस्पिटलात डोळे मिटून बसणार होत्या, मी इथे. गळ्यातल्या गाठीचा रिपोर्ट मिळायचा होता आज.”

चार वाजता ती दुरुस्तीच्या दुकानात तावातावाने भांडत होती. मिक्सरचं पातं खरंच बदललं की नुसतं घासून परत बसवलं, यावरून. त्या अर्ध्या तासात तिच्या मनात जे काही होतं, त्याला उपचार म्हणणं अवघड होतं.

एरवी तिच्याकडे उपचाराला कुणी नवीन आलं की ती पहिल्याच दिवशी सांगायची, “हात नुसते निमित्त. काम करतो तो हेतू. माझं मन तुमच्यापाशी असलं की झालं, मग तुम्ही या खोलीत असा नाहीतर परगावी.” लोकांना ते पटायचं. तिला स्वतःला तर फारच पटलेलं होतं, आणि आता तीच पंचाईत झाली होती. मन तिथे असल्यामुळे माणूस बरा होत असेल, तर मन तिथे नसल्यावर त्याचं काय होतं?

“मग आता पाठव,” सासूबाई म्हणाल्या.

“रिपोर्ट पाचलाच हातात पडला असेल, आई.”

“आणि लिहून सकाळीच झाला असेल. तो काय तुझी वाट बघत बसला होता?”

हे ऐकून धीर यायला हवा होता, पण आला नाही. ती पडद्यापलीकडे उपचाराच्या खाटेवर जाऊन बसली आणि तळवे मांडीवर उताणे ठेवले. हेतूला काळाचं बंधन नसतं, असं तिला शिकवलेलं होतं. तेव्हा मागच्या तारखेचा अर्ज करावा तसा तिने उपचार चार वाजताच्या नावाने पाठवायला घेतला. काकू. काकूंचा गळा, त्यात कायम अडकवलेली ती मापाची टेप. मध्येच पातं आलं. पुन्हा काकू. पुन्हा दुकानदार. आता तिला रडू फुटायचंच बाकी राहिलं होतं.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात काकू उभ्या होत्या. हातात मोठं पाकीट, जिना चढून धाप लागलेली.

“साधी गाठ आहे,” त्या म्हणाल्या. “कापायचीसुद्धा गरज नाही. सहा महिन्यांनी दाखवा म्हणाले डॉक्टर.” आणि दाराजवळच्या स्टुलावर बसून त्या रडायला लागल्या.

तिच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. सासूबाईंनी उठून पाणी आणलं.

पाणी पिऊन झालं, डोळे पुसून झाले, तरी काकू मान वर करेनात.

“ताई, एक सांगायचंय. रागावू नका. तुम्ही इथे माझ्यासाठी एवढं मन लावून बसलात, आणि मी... माझ्या शेजारी एक बाई होती, तिची बाही उसवलेली. मला राहवेना. पर्समध्ये सुईदोरा असतोच. टाके घालता घालता तिच्या सासूच्या गोष्टी निघाल्या. इतक्या हसलो आम्ही, की नर्स ओरडून गेली. घड्याळ बघितलं तर पावणेपाच. मी डोळे मिटलेच नाहीत हो. तुमचं सगळं वाया घालवलं.”

सासूबाई मटारांकडे वळल्या, पण कान इकडेच होते.

आता गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. नुसतं ‘असू दे’ म्हटलं असतं तर मोठेपणाही मिळाला असता. तो मोह तिला झाला, नाही असं नाही.

“काकू, मी मिक्सरच्या दुकानात होते,” ती म्हणाली. “तुमची आठवणसुद्धा नव्हती मला.”

काकूंनी मान वर केली. “म्हणजे चार वाजता कुणीच नव्हतं?”

“कुणीच नाही.”

काकूंचे खांदे गदागदा हलायला लागले. त्या रडतायत की हसतायत हे कळायच्या आत तीही हसत सुटली. कित्येक वर्षांत तिला इतकं मोकळं वाटलं नव्हतं. तिच्या विसरण्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

“मान मात्र आखडलीये हो,” हसू ओसरल्यावर काकू म्हणाल्या. “तीन तास त्या बाकड्यावर बसून. तेवढी बघता का?”

तिने काकूंना खाटेवर बसवलं आणि मागे उभी राहून मानेवर हात ठेवला. शिरा दोरीसारख्या ताठल्या होत्या.

“आता मनात काय आणलंत?” काकूंनी विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “डावीकडे जास्त दुखतंय ना?”