मखमली खोळ

चार वाजेपर्यंत ड्रॉइंग पाठवलं, तरच आलिमाची अंबडच्या कारखान्यातली नोकरी पक्की होणार होती. पण मोठं ड्रॉइंग उघडलं की लॅपटॉप तव्यासारखा तापून बंद पडायचा. “अब्बा, तिसऱ्यांदा गेला.” एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात जन्मभर पंखे साफ केलेल्या अब्बासभाईंनी तो उलटा केला. त्यांच्या बायकोने टीव्हीसारखीच लॅपटॉपलाही मखमली खोळ शिवली होती. तिच्याखाली हवेची जाळी पुरती झाकली गेली होती. “खोळ काढ. त्याला वारा मिळत नाही.” “अम्मीचं शेवटचं शिवणकाम आहे. राहू द्या.” अब्बासभाईंनी वाद घातला नाही. बायकोचीच कात्री आणून त्यांनी जाळीपुरती मखमल कापली, आतली लाल लव फुंकून काढली. साडेतीनला ड्रॉइंग गेलं. मग कापलेली कड सुटू नये म्हणून ते सुई घेऊन बसले. “अब्बा, टाके वाकडे आलेत.” “माहितीये. तिने उसवायलाच लावले असते.”