खिशातला फ्यूज

आचऱ्याच्या परशुराम वायरमनने बाबलला हाताखाली घेतलं, तेव्हा पहिल्याच दिवशी बजावलं, "तारेक हात लावच्या आधी फ्यूज काढून आपल्या खिशात घालूचो. दुसऱ्या कोणाच्या भरवशार रवाचा नाय."

आज आनंदीबाईंच्या माजघरात शिडीवर चढून, त्यांच्याशी गप्पा मारता मारता परशुरामने उघड्या तारा पिळल्या आणि सवयीने खिसा चाचपला. खिसा रिकामा. फ्यूज काढायलाच तो विसरला होता. सुक्या बांबूच्या शिडीने वाचवलं असेल, पण आता भिंतीला कोपर जरी टेकलं तरी संपलं. त्याने कोपरं अंगाशी घट्ट घेतली.

"बाबल," तो हळूच म्हणाला, "फ्यूज काढ."

शिडी धरून उभ्या असलेल्या बाबलने आपल्या खिशातून फ्यूज काढून दाखवला.



"मी तुमच्या भरवशार नाय रवलंय, काका."