मंगळवारची सवय

वीस-एकोणीस. नेरिस बेवनला आता फक्त एक पॉइंट हवा होता. तो मिळाला की राष्ट्रकुल स्पर्धेसाठीच्या वेल्सच्या बॅडमिंटन संघातली उरलेली एकमेव जागा तिची. जाळीपलीकडे लाउरी उभी होती. अठरा वर्षांची, नेरिसच्याच खोऱ्यातली, नेरिसच्याच हाताखाली तयार झालेली.

नेरिस सदतीस वर्षांची. वेल्ससाठी पंधरा वर्षं खेळली, पण राष्ट्रकुल स्पर्धा काही नशिबात आली नाही. दोनदा राखीव म्हणून नाव लागलं, आणि दोन्ही वेळा संघातल्या एकीचाही पाय मुरगळला नाही. आता नाही तर कधीच नाही, हे तिला कळत होतं. तिच्या उजव्या गुडघ्याला तर फारच कळत होतं.

पण खरी काळजी गुडघ्याची नव्हती, तोंडाची होती. चॅपलमागच्या हॉलमध्ये दर मंगळवारी ती पोरांना शिकवायची. शिकवणारी ती एकटी, आणि लाउरीच्या तोडीचं खेळणारीही ती एकटीच. त्यामुळे ती लाउरीविरुद्ध खेळायची आणि खेळता खेळताच ओरडून तिच्या चुका सांगायची. दहा वर्षं हेच चाललं होतं. आज सकाळी दोघी एकाच गाडीने कार्डिफला आल्या, तेव्हा लाउरी उतरून पुढे गेल्यावर मागच्या सीटवरून नेरिसच्या आईने बजावलंच होतं, "पोरी, आज तोंडाला कुलूप लाव हं. ती आज तुझी चेली नाही."

नेरिसने दोन गेम आणि एकोणचाळीस मिनिटं ते कुलूप सांभाळलं होतं. तिसऱ्या, शेवटच्या गेममध्येही आत्तापर्यंत सांभाळलं होतं.

तिने सर्व्हिस केली. चार-पाच फटके झाले आणि तिने शटल उंच, थेट मागच्या रेषेवर उडवलं. लाउरी चुकीच्या पायावर अडकली. झालं, संपलं. आणि नेरिसच्या तोंडून निसटलं, "उजवा पाय! कोपर वर! आता मार!"

लाउरीने उजवा पाय टाकला, कोपर वर घेतलं आणि फटका मारला. शटल नेरिसच्या पायाशी येऊन आपटलं. वीस-वीस.

प्रेक्षकांत कोणीतरी फिसकन हसलं.

उंच खुर्चीवर पंच म्हणून एमलिन रीस बसले होते. एके काळी ते या दोघींच्या शाळेचे हेडमास्तर होते आणि अजून ते विसरले नव्हते. "मिस बेवन, ओरडून समोरच्याचं लक्ष विचलित करणं हा गुन्हा आहे. पॉइंट तिला द्यावा लागेल."

"तिला मिळालाच आहे, सर."

रीस क्षणभर गोंधळले. मग लाउरीकडे वळले. "तुला त्रास झाला का?"

"त्रास? छे हो, सर. मी तर वाटच बघत होते. आंटी आज सकाळपासून गप्पच आहेत. मला वाटलं, रागावल्या माझ्यावर."

सगळा हॉल खदखदून हसला. रीसांनी कपाळाला हात लावला. "मिस बेवन, तुम्ही खेळताय की शिकवताय? काय ते एक ठरवा."

"तोंड शिव तुझं!" वरच्या रांगेतून आई कडाडली.

पुढच्या रॅलीत नेरिसच्या एक गोष्ट ध्यानात आली. पोरगी शटलकडे बघत होती, पण मध्येच तिच्या ओठांकडेही बघत होती. मंगळवारी बघायची तशी. नुसतं "मागे!" असं खोटंच ओरडायचं आणि शटल पुढे टाकायचं. पोरगी डोळे मिटून मागे जाईल. राष्ट्रकुल स्पर्धा एका शब्दावर आली होती. नेरिसला स्वतःची लाज वाटली, पण मोहही सुटेना. तिने शटल अलगद जाळीजवळ टाकलं आणि तोंड उघडलं.

"पुढे!"

लाउरी पुढे झेपावली. नुसती टिचकी मारली. वीस-एकवीस.

शेवटची रॅली कार्डिफमध्ये अजून सांगतात. नेरिस जीव तोडून खेळली. एकही शटल तिने फुकट सोडलं नाही, गुडघा बोंबलत असताना कोपऱ्यातून कोपऱ्यात पळाली. आणि तितकीच जीव तोडून ओरडत राहिली. "उंच! मागे ये! घाई नको गं, घाई नको! शाब्बास! आता पुढे टाक, माझ्या उजव्या गुडघ्याकडे!"

लाउरीचा हात अडखळला. तो गुडघा तिला ठाऊक होता. दर मंगळवारी त्याला बर्फ तीच लावायची.

"टाक म्हणते ना!"

लाउरीने टाकलं. नेरिसने होतं नव्हतं ते सगळं लावून झेप घेतली. रॅकेट पोचली, शटल उडालं, जाळीला लागलं आणि तिच्याच बाजूला पडलं.

लाउरी जाळीखालून वाकून धावत आली आणि नेरिसच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. जिंकलेली रडत होती आणि हरलेली तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. रीसांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

गर्दी पांगल्यावर आई केकचा डबा घेऊन खाली उतरली. नेरिस बाकावर पाय लांब करून बसली होती.

"हरलीस की गं," आई म्हणाली. "तीन पॉइंटांत सगळं घालवलंस."

नेरिसने डबा उघडला, एक केक उचलला आणि अर्धा तोंडात टाकला.

"हरले कुठे, आई? शेवटचे तिन्ही पॉइंट मीच मारले. फक्त जाळीच्या पलीकडून."