दडवलेली सुई

"तिच्या हातचं कुंकू नको मला," प्रेमाबाईनं कपाळावर पदर ओढला. "शामलाबाई, तुमी लावा."

वैदेहीचा हात करंड्यासकट तसाच राहिला. लेक मुंबईहून माहेरपणाला आली म्हणून तिच्या आईनं, शामलाबाईनं, संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं होतं. भूममधल्या आख्ख्या गल्लीला बोलावणं होतं. निम्म्या आल्याच नाहीत. आलेल्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि ती त्यांच्याच घरातलं माणूस मारून आल्यासारखं वैदेहीकडं बघत होत्या.

मारलं होतंच म्हणा. टीव्हीत. रोज संध्याकाळी लढाईच्या दवाखान्याची मालिका लागायची. बाहेर तोफा, आत तंबूत जखमी जवान. त्यात वैदेही सिस्टर मंदाकिनी झाली होती, दुष्ट नर्स. परवाच्या भागात तिनं एका कोवळ्या जवानाचं इंजेक्शन दडवलं आणि साहेबाच्या भाच्याला टोचलं. जवान "आई, आई" करत गेला. त्या दिवशी गल्लीत कुणाला जेवण गोड लागलं नाही. आता पोटासाठी केलेल्या कामाचं पाप पोरीच्या खऱ्या कपाळाला चिकटवायचं, ह्याला काय म्हणावं? पण सांगणार कोण ह्या बायांना!

वैदेहीनं सांगून बघितलं होतं. दूधवाल्याला सांगितलं, एस.टी.त तोंड फिरवून बसलेल्या शाळेच्या बाईंना सांगितलं. "अहो, ते नाटक असतं. सुईत नुसतं पाणी असतं. तो मेलेला मुलगा नंतर माझ्याशेजारी बसून पोहे खात होता." लोक सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "व्हय, पर तू दिली न्हाईस ना सुई?"

शामलाबाईनं सकाळीच लेकीला बजावलं होतं. "आज बायकांनी तुझी ओटी भरली तर ठीक. नाही भरली तर उद्या फोन करायचा आणि ते काम सोडायचं. मला ह्याच गल्लीत दिवस काढायचेत." वैदेही कडाकडा भांडली. वर्षानुवर्षं चपला झिजवल्या, तेव्हा कुठं हे काम पदरात पडलं होतं. पण आईनं डोळ्याला पदर लावला आणि ती हो म्हणून बसली. आता तिचं सगळं ह्या चार बायांच्या हातात होतं, आणि त्या तर तिच्याकडं धड बघायलाही तयार नव्हत्या.

एकेक बाई वाण घेऊन उठायला लागली. पाटाशेजारचं ओटीचं ताट तसंच भरलेलं. शामलाबाईनं प्रेमाबाईचा हात धरला. "लेकराची ओटी तरी भरा हो."

"पोराचा जीव घेतला तिनं. तिच्या पदरात गहू टाकू? आमच्यानं न्हाय व्हायचं."

तेवढ्यात दारात कडूबाई उभी राहिली, आणि उठलेल्या सगळ्या परत बसल्या. फुकटचा तमाशा कोण सोडतंय! कडूबाईचं तोंड आख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. जवान मेला त्या दिवशी तिनं टीव्हीवर चप्पल फेकली होती. "येऊ दे ती भवानी गावात, झिंज्याच उपटते," असं रस्त्यात उभं राहून ओरडली होती. तिचा एकुलता एक रणधीर फौजेत होता. सरहद्दीवर गोळीबार चाललाय असं बातम्यांत सांगत होते आणि त्याचा फोन लागत नव्हता. नवरा दगडोबा तिला घराबाहेर पडू देत नव्हता. आज ती त्याचा डोळा चुकवून आली होती.

ती तडक वैदेहीवर चालून आली. शामलाबाई मधे पडली. "कडूबाई, हात जोडते तुमच्यापुढं. पोरीला काही करू नका. ती सोडतीय ते काम. उद्याच सोडतीय."

"सोडतीय?" कडूबाई किंचाळली. "सोडायचं न्हाय!"

तिनं वैदेहीला खांद्याला धरून पाटावर बसवलं. तिचा पदर ओढून पसरला. काखेतल्या पिशवीतनं खण काढला, नारळ काढला, हळकुंड, सुपारी काढली. ओंजळीनं गहू घातले. घाईत निम्मे फरशीवर सांडले. बाया आ वासून बघत राहिल्या. मग कडूबाईनं वैदेहीच्या कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं आणि तिच्या पायाशीच फतकल मारली.

"लई शिव्या दिल्या म्या तुला. मनात धरू नको, बाई."

वैदेही तिला उठवायला वाकली. "नाही हो काकू. तुम्ही मोठ्या आहात. पण ते खरं नसतं..."

"ऐक माझं." कडूबाईनं तिचे दोन्ही हात गच्च धरले. "तुझ्या त्या दवाखान्यातली दुसरी सिस्टर भली हाय. ती समद्यांना नंबरानं देती. माझ्या रणधीरला आणलं आन् त्याचा नंबर मागं असला, तर काय करू म्या? तू हाईस म्हणून आले. कुणाची बी दडव, पर माझ्या लेकराला सुई दे."